लेखणी स्वस्त, लेखन बेभरवशाचे

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत घरातील लोखंडी कपाट आवरावयास घेतले. एकाच खणात शेजारी शेजारी दोन वस्तू सापडल्या. पहिली वस्तू म्हणजे माझ्या आजोबांची हिशेबाची चोपडी. १९४० नंतरच्या काही वर्षांतील, लाल कापडी बांधणीची, टाकाने मोडी लिपीत लिहिलेली. दुसरी वस्तू म्हणजे रबराने बांधलेल्या चार फ्लॉपी. २००४ साली एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी माळशिरस तालुक्यातील ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर हिंडून जी टिपणे केली होती, ती त्या फ्लॉपींवर होती. मूळ कागद पुढे जागेअभावी रद्दीत गेले. ‘संगणकावर आहे, मग कागद कशाला ठेवायचे,’ हा त्या वेळचा माझाच शहाणपणा.

मला मोडी येत नाही. परंतु अकलूजमध्ये एक निवृत्त शिक्षक मोडी जाणतात. त्यांच्याकडे चोपडी नेली. त्यांनी चष्मा पुसला, दोन पाने डोळ्यांखालून घातली व तिसऱ्या पानापासून ते सरळ वाचूच लागले. ज्वारीचे भाव, बैलजोडीची खरेदी, कालव्याच्या पाण्यावर लावलेल्या उसाच्या बेण्याचा खर्च, गड्यांची मजुरी, कोणाकडून किती येणे व कोणाला किती देणे, असा एका शेतकरी कुटुंबाचा सगळा व्यवहार एका दुपारीत माझ्यापुढे उलगडला. शाई थोडीशी तपकिरी झाली होती, इतकेच.

फ्लॉपींची कथा वेगळी. प्रथम तर फ्लॉपी वाचणारे यंत्रच गावात कोणाकडे नव्हते. ते पुण्याहून मागविले. चारांपैकी दोन फ्लॉपी उघडल्या, एक अर्धी उघडली, एक उघडलीच नाही. उघडलेल्या मजकुरात मराठीचे एक अक्षरही दिसेना. रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे व आकडे यांची भेळ पडद्यावर उमटली. ज्या फॉन्टमध्ये मजकूर टंकित केला होता तो फॉन्ट आता कोणाकडे नाही, आणि ज्या दुकानात तो टंकित केला ते दुकान केव्हाच बंद झाले. पुढे एका विद्यार्थ्याने रूपांतराची आज्ञावली शोधून काढली व बराचसा मजकूर ओळखू येईल इतपत झाला. जोडाक्षरे मोडली, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले, पण अर्थ लागला. न उघडलेल्या फ्लॉपीवर मुलाखती होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

लघुप्रबंधाची छापील प्रत आहे. परंतु त्यात सरासऱ्या आहेत, टक्केवारी आहे, तक्ते आहेत. कोणत्या कोयत्याने मुकादमाकडून किती उचल घेतली, ती मुलीच्या लग्नासाठी घेतली की आजारपणासाठी, पुढच्या हंगामात ती फिटली की वाढली, हे त्या बाई-माणसांच्या शब्दांत जे होते, ते फ्लॉपीवर राहिले. ती माणसे स्वतः लिहिणारी नव्हती. त्यांच्या वतीने लिहून ठेवण्याचे काम मी पत्करले होते, व ते मी नीट केले नाही.

ही खाजगी हळहळ वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच, की तिच्यामागे एक सार्वजनिक प्रश्न दडलेला आहे. व्यवहारातून गेलेल्या लिपीतील ऐंशी वर्षांपूर्वीचे लेखन एका दुपारीत वाचता येते, आणि आपण रोज वापरतो त्या देवनागरीतील वीस वर्षांपूर्वीचे लेखन वाचता येत नाही. असे का व्हावे? अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न केवळ तंत्राचा वाटत नाही. तो खर्चाचा, मालकीचा व सार्वजनिक जबाबदारीचा आहे.

महागडी लेखणी आणि कलमकसाई

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बोरू आणि दौतीच्या काळाबद्दल उमाळे काढण्याचे कारण नाही. त्या काळी लेखनाची साधने महाग होती व ती मोजक्यांच्याच हाती होती. जुन्नरला वा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने बनणारा कागद ही सामान्य कुणब्याने विकत घ्यावी अशी वस्तू नव्हती. बोरू कोठेही तासता येई, काजळी व डिंक यांची शाई घरी घोटता येई, पण लिहिण्याचे शिक्षण मात्र सर्वांना खुले नव्हते. झरझर लिहिण्यासाठी घडलेली मोडी लिपी कुळकर्णी, चिटणीस व सावकाराच्या दिवाणजींच्या हातात होती. शेतकऱ्याच्या बांधाचा, कर्जाचा व वतनाचा निकाल ज्या कागदावर लागत असे, तो कागद त्या शेतकऱ्याला वाचता येत नसे. महात्मा फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ज्या व्यवस्थेवर कोरडे ओढले, तिचे हत्यार तलवार नव्हते, लेखणी होते. ‘कलमकसाई’ हा शब्द मराठीत उगाच रूढ झाला नाही.

साधन स्वस्त होत गेले तशी ही मक्तेदारी ढिली होत गेली. पोलादी निबेचा टाक आला. शाईच्या पुड्या व वड्या बाजारात आल्या. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाई बनविण्याचा जो उद्योग सुरू केला, तो पुढे कॅम्लिन या नावाने शाळकरी मुलांच्या दप्तरांत जाऊन पोहोचला. झरणी आली, आणि तिच्यामागून बॉलपेन आले. बॉलपेनाने अक्षर बिघडते म्हणून आमच्या गुरुजींनी ते वर्गात वापरण्यास बंदी केली होती. परंतु दौत सांडण्याचे भय नसलेले, महिनाभर चालणारे व चार-दोन रुपयांत मिळणारे ते साधन वाडीवस्तीवरच्या मुलाला परवडले, हे विसरून चालणार नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पाटीही पोहोचली नव्हती, त्या घरांतून मराठीला नवे गद्य मिळाले. त्यामागे शाळा होती, चळवळ होती. आणि स्वस्त वही व स्वस्त लेखणीही होती. साधनाची किंमत उतरणे ही लोकशाहीच्या दृष्टीने लहान घटना नव्हे.

जुने ते सगळे टिकले, असेही नाही. जे टिकले तेवढेच आपल्याला दिसते, म्हणून जुने सारे टिकाऊ होते असा भास होतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला व पुढे एकूण बावीस खंड काढले. त्यासाठी त्यांना गावोगाव पायपीट करावी लागली, कारण घराघरांतली दप्तरे वाळवीच्या तोंडी व रद्दीच्या गठ्ठ्यात जात होती. आमच्या अकलूजवरून दरवर्षी ज्यांची पालखी जाते, त्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा वारकऱ्यांच्या तोंडी आजही आहे. गाथा तरली ती लोकांच्या मुखी होती म्हणून, असे तिचे तात्पर्य अनेक जण सांगतात. कागद काय किंवा फ्लॉपी काय, साधनावर आंधळा विश्वास टाकू नये, हा धडा तितकाच जुना आहे.

तरीही एक फरक उरतोच. आजोबांची चोपडी हरवली असती, जळली असती, तर नाहीशी झाली असती. पण ती हाती असूनही वाचता येत नाही, असे झाले नसते. वस्तू शाबूत असताना अर्थ नाहीसा होणे, हे संकट नवे आहे.

यंत्राला पुरेना देवनागरी

यंत्र आले तेव्हापासूनच देवनागरीची व त्याची ओढाताण सुरू झाली. रोमन लिपीला मोठी व लहान मिळून बावन्न अक्षरे, आकडे व विरामचिन्हे पुरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार व जोडाक्षरे धरली, तर जुन्या छापखान्यातील जुळाऱ्यापुढे शिशाच्या खिळ्यांचे शेकडो घर असत. १८६९ साली जावजी दादाजींनी स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती याच सुबक व नेटक्या खिळ्यांमुळे झाली. लोकमान्य टिळकांसारख्या राजकारणी पुरुषानेही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, या खटपटीत आपला वेळ घातला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचविली, तिचा एक हेतू छपाई व टंकलेखन सुलभ व्हावे हाच होता. या विद्वानांच्या सूचना पटोत वा न पटोत, लिपी व यंत्र यांचा मेळ हा सार्वजनिक विचाराचा विषय आहे, एवढे त्यांना नक्की कळले होते.

टंकयंत्राने तर देवनागरीला आणखी आखडून टाकले. त्याच्या कळांवर नव्वदीच्या आसपास चिन्हे मावत, आणि त्यांतच सारे बसवावे लागे. म्हणून अर्धी अक्षरे, अर्धे दांडे व मागे सरकून मारलेल्या मात्रा आल्या. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. तालुक्याच्या गावोगाव टंकलेखनाच्या संस्था निघाल्या. मराठी मिनिटाला तीस शब्द व इंग्रजी चाळीस, या दोन प्रमाणपत्रांवर ग्रामीण भागातील हजारो मुलामुलींनी कारकुनी मिळविली. २००९ च्या सुमारास या यंत्रांचे उत्पादन थांबले, आणि पुढे शासकीय परीक्षाही संगणकावर गेली. परंतु यंत्र गेले तरी त्याचा कळफलक गेला नाही. टंकयंत्राच्या अडचणीतून जन्मलेली कळांची मांडणी, ती अडचण उरलेली नसताना, संगणकावरही अनेकांच्या बोटांत कायम राहिली.

याला अर्थशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पॉल डेव्हिड या अभ्यासकाने १९८५ साली इंग्रजी कळफलकावर एक छोटा निबंध लिहिला. १८७० च्या दशकातील यंत्रांसाठी ठरलेली अक्षरांची मांडणी शंभर वर्षांनंतरही का टिकली, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर थोडक्यात असे : टंकलेखक ती मांडणी शिकतात, कारण कचेऱ्यांत तीच यंत्रे असतात, आणि कचेऱ्या तीच यंत्रे घेतात, कारण टंकलेखकांना तीच येते. एकदा हे चक्र फिरू लागले, की त्यातून एकट्याने बाहेर पडणे कोणालाच परवडत नाही. लीबोविट्झ व मार्गोलिस यांनी १९९० साली या उदाहरणातील पुराव्यांवर आक्षेप घेतले. दुसरी मांडणी खरोखरच सरस होती काय, हा वाद अजून मिटलेला नाही. पण वाटेवर पहिले पाऊल कोठे पडले यावर पुढची वाट ठरते, हा मुद्दा मराठी संगणकाच्या बाबतीत आपण प्रत्यक्ष भोगला आहे.

फॉन्टांचे बंदिवान

तो कसा, हे थोडे समजावून घ्यावयास हवे. संगणकाला अक्षर समजत नाही, त्याला आकडा समजतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे माणसांनी आपसांत ठरवावयाचे असते. इंग्रजीसाठी हे लवकर ठरले. मराठीत, विशेषतः १९९० च्या दशकात, प्रत्येक फॉन्ट तयार करणाऱ्याने ते आपापल्या सोयीने ठरविले. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांवर देवनागरीची चित्रे बसविली. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत साठलेले असे भलतेच एखादे रोमन अक्षर वा चिन्ह. फॉन्ट हाती आहे तोवर मजकूर मराठी असे, फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांचा ढीग. आणि एका फॉन्टमधील ‘क’ दुसऱ्या फॉन्टमध्ये ‘ग’ होई वा काहीच होत नसे.

असे का घडले? उपाय उपलब्ध नव्हते असे नाही. भारतीय लिपींचे संगणकीकरण कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले व पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. भारतीय लिपींसाठी एकच कळफलक असावा म्हणून इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली ठरली. अक्षरांच्या आकड्यांचे भारतीय प्रमाण १९९१ साली जाहीर झाले. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. त्या प्रमाणात २३०४ ते २४३१ हे आकडे देवनागरीचे आहेत. २३२५ म्हणजे ‘क’, मग संगणक अकलूजचा असो वा अमेरिकेतला, फॉन्ट कोणताही असो.

परंतु प्रमाण असणे व ते बाजाराने मानणे या दोन गोष्टी आहेत. फॉन्ट विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे आकडे वेगळे असण्यातच त्याचा लाभ होता, कारण एकदा ग्राहकाचा सारा मजकूर त्याच्या फॉन्टमध्ये गेला, की तो ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नसे. यात कोणाचे कपट होते असे मी म्हणत नाही. किंबहुना या उद्योजकांनी पदरचे भांडवल घालून फॉन्ट केले नसते, तर मराठी छपाई शिशाच्या खिळ्यांतून इतक्या लवकर बाहेर पडली नसती. प्रत्येकाने आपल्या हिताचे तेच केले. पण प्रत्येकाच्या हिताची बेरीज समाजाच्या अहिताची निघाली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘बाजाराचे अपयश’ म्हणून आम्ही जे शिकवितो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पुढे परिस्थिती हळूहळू सुधारली. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. तो घडविणारे अक्षरकार र. कृ. जोशी हे मराठीच. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरीही बारीकसारीक उणिवा होत्याच. ‘ॲ’ या मराठीला रोज लागणाऱ्या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळावयास २००८ साल उजाडले. तोवर हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरून आपण वेळ भागवीत होतो. छपाईच्या दुकानांत पानांची मांडणी ज्या पेजमेकरवर होई, त्याला युनिकोड ठाऊकच नव्हते. म्हणून टंकलेखनाची वाट एकीकडे बदलली, तरी छपाईची वाट अनेक वर्षे जुनीच राहिली.

याचा परिणाम किती दूरवर झाला असेल, याचा अंदाज अकलूजसारख्या गावावरूनही करता येतो. २०२१ साली नगरपरिषद होईपर्यंत येथे ग्रामपंचायत होती. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, शिक्षणसंस्था, लावणी स्पर्धा अशा संस्था व उपक्रमांनी गजबजलेला हा परिसर. १९९० ते २०१० या वीस वर्षांत अशा गावांतून वार्षिक अहवाल, ठराव, स्मरणिका, महाविद्यालयांची नियतकालिके, निवडणुकीची पत्रके व लग्नपत्रिका यांचा जो मजकूर निघाला, त्याचा मोठा भाग डीटीपीच्या दुकानांतील संगणकांवर अशाच फॉन्टांत तयार झाला. छापील प्रती काही कपाटांत असतील, काही रद्दीत गेल्या असतील. मूळ फाइली दुकानदाराच्या जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेल्या. महाराष्ट्रातील सहकाराचा, खुलेपणाच्या धोरणानंतरच्या ग्रामीण स्थित्यंतराचा इतिहास उद्या ज्यांना लिहावयाचा आहे, त्यांना पेशवे दप्तरातील अठराव्या शतकाचा कागद मिळेल, पण १९९८ सालचा तालुक्याचा कागद मिळेल की नाही, याची शंका आहे.

स्वस्ताई कोणाच्या खर्चाने?

लेखनाचे साधन आज जवळजवळ फुकट झाले आहे. हातातील भ्रमणध्वनीवर माणूस बोलतो व अक्षरे उमटतात. एक पान अधिक लिहिण्याचा सीमांत खर्च शून्याला टेकला आहे. परंतु अर्थशास्त्र सांगते, की खर्च सहसा नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. पूर्वी लिहिणाऱ्याला कागद व शाईचा खर्च आधीच करावा लागे, जपण्याचा खर्च नंतर फारसा नसे. कोरड्या जागी चोपडी बांधून ठेवली की पुरे. आता लिहिण्याचा खर्च नाही, पण जपण्याचा खर्च दर पाच-दहा वर्षांनी पुन्हा करावा लागतो. फ्लॉपीवरून तबकडीवर, तबकडीवरून पेनड्राइव्हवर, तेथून कोठल्या तरी दूरच्या साठवणुकीत, एका आज्ञावलीतून दुसरीत. हा खर्च आज दिसत नाही, म्हणून तो कोणी अंदाजपत्रकात धरत नाही. जो खर्च कोणीच धरत नाही, त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

आमचे विद्यार्थी आपसांत रोमन अक्षरांत मराठी लिहितात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. देवनागरी कळफलक त्यांना कोणी शिकविलाच नाही. पहिलीत पाटीवर कित्ता गिरवून घेणारी शाळा, नववी-दहावीत संगणकापुढे बसविताना मराठीसाठी बोटे कोठे ठेवावीत हे सांगत नाही. इनस्क्रिप्टची मांडणी स्वर एकीकडे व व्यंजने दुसरीकडे अशी बाराखडीच्या क्रमाला धरून आहे. दोन-तीन आठवड्यांच्या सरावात ती बसते, हा माझ्या वर्गातला अनुभव आहे. पण डेव्हिडने दाखविलेले चक्र येथेही आहे. शिकणारे नाहीत म्हणून शिकविणारे नाहीत, व शिकविणारे नाहीत म्हणून शिकणारे नाहीत.

अलीकडे मजकूर स्वतः रचणारी यंत्रे आली आहेत, व त्यांच्याविषयी भय आणि कौतुक दोन्ही बोलले जाते. त्यातील एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. ही यंत्रे वाचलेल्या मजकुरावरून भाषा शिकतात. जो मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत कुलूपबंद आहे, तो त्यांच्या लेखी मराठी नाहीच. इंग्रजीच्या मानाने मराठीचा साठा आधीच लहान, त्यातील वीस वर्षांचा ऐवज असा निरर्थक चिन्हांत पडून राहिला, तर या यंत्रांचे मराठी तोकडे व परके राहिले म्हणून तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

करावयाचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने सोहळे झाले, ते योग्यच. परंतु अभिजातपणाचा पुरावा म्हणून आपण जे ताम्रपट, शिलालेख व पोथ्या पुढे केल्या, त्या सर्व अशा साधनांवर लिहिलेल्या होत्या, की जी कोणत्याही कंपनीच्या परवान्याशिवाय वाचता येतात. आजच्या लेखनाला तेवढी हमी मिळावी, यासाठी काही गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट रूपांतराची. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावली आहेत, परंतु त्या विखुरलेल्या आहेत व त्यांच्या कामात चुका राहतात. जितक्या जुन्या फॉन्टांची माहिती मिळू शकेल तितकी एकत्र करून, सर्वांना विनामूल्य वापरता येईल असे एकच खात्रीचे साधन शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी तयार करावे. हे सार्वजनिक वस्तूचे काम आहे. एकट्या प्रकाशकाला वा दुकानदाराला त्यात फायदा नाही, म्हणून ते बाजार करणार नाही. त्या काळी हे फॉन्ट ज्यांनी घडविले व वापरले, ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. आणखी वीस वर्षांनी विचारावयासही कोणी उरणार नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जे जाळे उभे राहिले, त्यातील किमान प्रत्येक तालुक्याच्या एका ग्रंथालयात फ्लॉपी व तबकड्या वाचणारी यंत्रे, रूपांतराची सोय व एक प्रशिक्षित माणूस असावा. खर्च एखाद्या स्वागतकमानीपेक्षा अधिक येणार नाही. संस्थांनी आपले जुने अहवाल, पतसंस्थांनी इतिवृत्ते, कुटुंबांनी आपल्या चोपड्या तेथे आणाव्यात, व त्यांची एक प्रत ग्रंथालयात राहावी.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने छापील पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील मजकूरही जमा व्हावा, लेखकाच्या हक्कांना बाध न आणता तो जपला जावा, अशी तरतूद करणे अवघड नाही. शासकीय अनुदान घेणाऱ्या पुस्तकांबाबत तर राज्य सरकार ही अट स्वतःच्या अधिकारात घालू शकते.

चौथी गोष्ट आपणा सर्वांच्या हातातली. जे महत्त्वाचे आहे ते चांगल्या कागदावर छापून ठेवावे, निदान दोन जागी ठेवावे, आणि देवनागरी कळफलक मुलांना शिकवावा. व्यवहारातून गेलेल्या मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली आहे. मोडी जाणणाऱ्यांनी आग्रह धरला म्हणून ती मिळाली. जी लिपी आज कोट्यवधी लोक वापरतात, तिच्यासाठी इतका आग्रह धरणे आपल्याला जड जाऊ नये.

फ्लॉपीवरून जे काही हाती लागले ते मी या पावसाळ्यात पुन्हा टंकित केले, जोडाक्षरे एक एक करून दुरुस्त केली, दोन प्रती छापल्या व एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवली. आजोबांच्या चोपडीचे देवनागरी लिप्यंतर त्या निवृत्त शिक्षकांनी हाती घेतले आहे. त्यांनी मोबदला विचारला नाही. ‘दोन विद्यार्थी पाठवा, त्यांनाही शिकवितो,’ एवढेच ते म्हणाले. दोन पाठविले आहेत. न उघडलेली चौथी फ्लॉपी मात्र अजून कपाटातच आहे. त्या मुलाखती देणाऱ्यांपैकी कोणी या हंगामात पुन्हा आमच्या भागात तोडीला आले, तर त्यांना पुन्हा विचारावे असा विचार आहे. या वेळी वहीत लिहून घेईन, आणि वही रद्दीत घालणार नाही.